परत येण्याचं पाठांतर

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी चालली होती, तेव्हा मी रोज बसनं भंडाऱ्याला क्लासला जायचे. वाटेत कोंढा गावात धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, निघालेल्या बाया चढायच्या. त्यातली एक माझ्याशेजारी बसून नखांतला कालचा चिखल काडीनं काढत राहायची. मी पुटपुटत असायचे, “शिक्षण संपलं की मी परत येईन.”

“काय घोकून राहिली व माय?” तिनं एकदा विचारलं.

“परत येणार का, असं साहेब विचारतात. त्याचं उत्तर पाठ करतेय.”

तिची काडी थांबली. “मी रोज रोवन्याले जातो. घरी येतो म्हून कधी पाठ नाही केलं. तुले कायले पाठ करा लागते?”

मला हसू आलं. मुलाखतीत ते वाक्य मी न अडखळता म्हटलं. साहेबाला लगेच पटलं.

परवा इथं परदेशात स्वतःच्या घराची किल्ली हातात घेतली, आणि तिची थांबलेली काडी आठवली.