सारख्या लांबीच्या आठ तारा
तारांना डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास आला, की पिंपळगाव राजा या गावचे, रेडिओ दुरुस्त करणारे आमचे चाचा समोर उभे राहतात. बीटी कपाशीचे ते दिवस. दुकानातल्या एका पाकिटाची सरकी त्यांनी ओल्या फडक्यात बांधून पाहिली, तर एकही दाणा उगवला नाही, आणि टेकडीपलीकडच्या वावरांत तेच बी टोबणं, म्हणजे मातीत लावणं, सुरू होतं. तिथं धुऱ्यावर, बांधाबांधावर रेडिओ गात असायचे, म्हणून शेतकऱ्यांना सावध करायला चाचांनी खेळण्यांतल्या आठ चिमुकल्या चिपा जोडून ट्रान्समीटर बांधला. पण आवाज गल्लीच्या तोंडाशीच मरायचा. "चाचा, याच्यापेक्षा मीच ओरडतो!" मी, विज्ञानाचा मास्तर, म्हणालो. "थांबा ना मास्तर! चिखलातली गाडी साऱ्यांनी एका दमात ओढली तं निघते. तारा लहानमोठ्या, म्हणून हे आठ जण मागंपुढं ओढून राह्यले." त्यांनी शेजारच्या शिंप्याची मापाची टेप आणली, चिपांच्या लहानमोठ्या तारा मापून सारख्या कापल्या आणि माईकमध्ये पाकिटावरचं नाव सांगून म्हणाले, "भाऊ हो, ते बी लावू नका!" दुपारी टेकडीपलीकडून एक जण सायकल दामटत आला. "चाचा, गाण्याच्या मधात तुम्हीच बोलले काय? अर्धं वावर वाचलं माह्यं!" चाचांनी शांतपणे ती टेप माझ्या गळ्यात घातली. "जा मास्तर, शिंप्याले देऊन या. ओरडत जा!" अजूनही मी कुठं मोठ्यानं शहाणपण सांगू लागलो, की हात आपोआप गळ्याकडे जातो.