ढकल्याचा चालू टेंपो

त्याचं खरं नाव रेशनकार्डावरच राहिलं. गल्लीत सगळे त्याला ढकल्या म्हणत, कारण त्याच्या टेंपोचा स्टार्टर मेलेला. सकाळी चार खांदे लागले की तो खोकत सुरू व्हायचा. मग दिवसभर ढकल्या इंजिन बंद करत नसे. बायको म्हणायची, "याच्यापेक्षा सवत परवडली, स्वतःच्या पायानं तरी चालली असती."

रोज पहिला खांदा मेव्हण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ, ढकल्याच्याच ताटात वाढलेला.

एका सुट्टीला भरदुपारी मेव्हणा म्हणाला, "दाजी, गोदामातली तांब्याची तार उचलायचीय. आत चिटपाखरू नाही. तुम्ही फक्त बसून राहा."

ढकल्या बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. आत रखवालदार निघाला आणि मेव्हण्यानं त्याच्या डोक्यात पहार घातली. रखवालदार जागीच मेला. दोघंही पकडले गेले. मेव्हणा माफीचा साक्षीदार झाला.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "टेंपो बंद होता?"

"चालू होता, साहेब. मारून पळायचं दाजींनीच ठरवलेलं."

पिंजऱ्यातून ढकल्या म्हणाला, "अरे, स्टार्टरचं सांग की."

मेव्हणा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. पोलिसांच्या आवारात उभ्या टेंपोचा स्टार्टर भुरट्यांनी केव्हाच लांबवला होता. दाखवणार काय? चोरी ढकल्याची होतीच, वर खुनाचा कटही गळ्यात पडला. फाशीची शिक्षा झाली.

पुढं कायदा बदलला. ज्यानं स्वतः मारलं नाही आणि मारायचं ठरवलंही नाही, अशा साथीदाराला फाशी नको. वकील तुरुंगात येऊन म्हणाला, "जन्मठेपेवर येशील. पण 'ठरवलेलं' हा मेव्हण्याचा शब्द आडवा आहे. तो त्यानंच मागं घ्यायला हवा. घरच्या बाईची साक्ष कोण ऐकणार?"

बायको भावाकडं गेली. तिथून आली ती थेट तुरुंगात, भेटीच्या जाळीपाशी.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, ताई, खरं बोललो तर माफी जाईल. मग दोर माझ्या गळ्यात."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? पाठचा भाऊ आहे."

ढकल्यानं जाळीचा गंज नखानं खरवडला.

"इथवर आलीस कशी?"

"त्यानंच सोडलं. नवा टेंपो घेतलाय."

"बसलीस त्यात?"

"ऊन फार होतं."

ढकल्यानं मान हलवली. "ढकलावा नाही ना लागला?"