एक नाव गालात

मथुराताईंच्या टेबलाच्या खणात कायम काहीतरी उघडून ठेवलेलं असे. कधी बंद पडलेलं गजराचं घड्याळ, कधी स्टेपलर, एकदा तर मॅनेजरसाहेबांचं फाउंटन पेन. हे कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आत काय चाल्लंय ते बघाया नको?" गोखिवऱ्याच्या आमच्या नळाच्या तोट्यांच्या कारखान्यात त्या टायपिस्ट होत्या. जूचंद्रच्या मिठागरवाल्या घरातल्या, टायपिंग शिकलेली गावातली पहिली बाई. नवऱ्याचा पाय अधू झाल्यापासून घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग, नुकताच कोर्स केलेला मी. मान ताठ, अनुभव शून्य. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यासोबत आत काय काय आहे ते सांगणारं इंग्रजी पत्र जाई. ते मथुराताई टाइप करत. आता ते कॉम्प्युटरने छापायचं होतं. पत्रं नीट निघू लागली की टायपिस्टची गरज उरणार नाही, असं मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते मथुराताईंच्या कानावर घातलं नाही. रोज त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी खात होतो आणि गप्प होतो.

आणि माझं घोडं पेंड खात होतं ते यादीतल्या शेवटच्या नावाआधी येणाऱ्या एका 'अँड'पाशी. कॉम्प्युटर वस्तूंची नावं एकेक वाचायचा आणि वाचलं की लगेच छापायचा. शेवटचं नाव कोणतं, हे त्याला ते छापून झाल्यावर कळायचं. मग 'टॅप्स, वॉशर्स, स्क्रूज' यांच्या पुढे एक स्वल्पविराम लोंबकळत राही आणि 'अँड'ला जागाच उरत नसे. मी ठोकून ठाकून 'अँड' बसवला, तर एकच वस्तू असलेल्या खोक्यावर 'अँड टॅप्स' असं येऊ लागलं. मालक रोज डोकावून जात. माझी ताठ मान एव्हाना बरीच खाली आली होती.

शेवटी मथुराताईच खुर्ची ओढून शेजारी बसल्या. हा नाव कुठून घेतो, किती वेळ धरतो, संपली हे त्याला कोण सांगतं, सगळं खोदून खोदून विचारलं. ऑफिसात त्या शुद्ध बोलत, पण डोकं चालू लागलं की गावची बोली सुटायची. त्यांची आत्या धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. गाण्यात घरच्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, बायका तिच्या कानात नावं सांगत जायच्या आणि शेवटच्या नावाला ती चाल बदलायची.

"तिला तरी कुटं ठाव, शेवटचा कोन?" मथुराताई म्हणाल्या. "ती एक नाव गालान धरून ठेवते. दुसरा कानावं आला, का मंगच पयला सोडते. सांगनारा कोन उरला नाय, का गालान हाय तोच शेवटचा."

मी कीबोर्ड पुढे ओढला. एक नाव हातचं राखायचं आणि पुढचं आलं तरच ते छापायचं. पुढचं आलंच नाही तर आधी 'अँड', मग ते. त्यापूर्वी काहीच छापलं नसेल तर 'अँड' नकोच. चार ओळींचं काम होतं. दुपारच्या चहाआधी पत्र बिनचूक निघालं.

आनंद व्हायचा, तर मला मालकांचं पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या. "ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. "खोक्यातून काढला ना त्याला, तवाच कलला." मग मला ही युक्ती का सांगितलीत, असं मी जरा चिडूनच विचारलं. खरं तर चीड माझीच मला आली होती.

"मना पन बघायचा होता, त्याला जमतंय का." मग खुर्ची जागेवर नेत म्हणाल्या, "घरी काय सांगायचा, त्याचा इचार उद्या करीन."

महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. निघण्यापूर्वी त्यांनी कॉम्प्युटरवर एकदा बसू द्या म्हटलं. दहाही बोटं चालवत कारखान्यातल्या माणसांची नावं भरली. कागद खरखरत बाहेर आला. वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे होते, स्वल्पविराम जागच्या जागी, आणि 'अँड'नंतर माझं नाव. मी यादी दोनदा वाचली.

"ताई, तुमचं नाव राहिलं," मी म्हणालो.

"नाय राहिला," त्या म्हणाल्या. "मी आता हितली कुटं?"