कार्डावरची सहा मुलं

ऐंशी सालाच्या आगेमागे, एका उन्हाळ्यात, हुबळीतल्या एका डॉक्टरांविरुद्ध लेखी तक्रार आली: त्यांनी शोधनिबंधात वर्णन केलेली सहा मुलं अस्तित्वातच नाहीत. मी तेव्हा धारवाडला निरीक्षक होतो. पुढे खून, दरोडे बरेच हाताळले. पण हा तपास त्यांच्यापेक्षा स्पष्ट आठवतो.

डॉक्टर लहान मुलांच्या मेंदूचे विकार पाहत. अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या, फेफरं येणाऱ्या सहा मुलांवरचा त्यांचा निबंध परदेशी नियतकालिकात आला होता. तक्रारदार त्यांच्याच विभागातला तरुण डॉक्टर. फेरतपासणीसाठी तो खेड्यात गेला, तर एकही मूल मिळालं नाही. बापांची नावं खरी निघाली. पण प्रत्येक बाप म्हणाला, या नावाचं पोर मला नाही. संमतिपत्रांवरचे अंगठे बनावट असावेत, असा संशय त्याने लिहिला होता. तो खरा ठरला असता तर डॉक्टरांची नोकरी आणि पंधरा वर्षांचं काम गेलं असतं, शिवाय खटला.

डॉक्टर जबाबाला आले ते मुलांच्या कार्डांच्या दवाखान्यातल्या प्रतींचा गठ्ठा घेऊनच.

“मुलं कुठं आहेत?” मी विचारलं.

“गावात. मी त्यांना दोनदा तपासलंय. त्यानंतर एक बाई सहाही कार्डं घेऊन येते, औषध नेते. सगळ्यांना बसचं भाडं परवडत नाही.”

प्रत्येक कार्डावर पाठीचं रेखाचित्र होतं आणि त्यात पानाच्या आकाराचे पांढरे डाग, मापासकट. या आजारात असे डाग असतात, असं ते म्हणाले. आमच्या पोलिसी छापील नमुन्यात ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. इतका नेमका भरलेला मी कधी पाहिला नव्हता.

निबंध मला कळण्यासारखा नव्हता. शेवटी मी विचारलं, याचं पुढं होतं काय?

“दुसरे डॉक्टर आपल्या लेखात याचा दाखला देतात. तुम्ही कोर्टात जुना निकाल दाखवता, तसा. आणि त्यावर विसंबून आपल्या रोग्यांना औषध देतात.”

बापांचे अंगठे घेऊन तज्ज्ञाकडे पाठवले. सहाही जुळले. कोडं सुटण्याऐवजी वाढलं. संमती देणारे बाप खरे. मग मुलं कोणाची?

हेडकॉन्स्टेबलला आणि डॉक्टरांकडचा कार्डांचा गठ्ठा घेऊन मी खेड्यात गेलो. कार्डंवाली बाई ज्वारी पाखडत होती. शेजारी चारेक वर्षांचं एक मूल.

“कार्डं कुणाची, अक्का?”

“माझी.”

“आणि पोरं?”

“तीबी माझीच की ओ.”

“सहाही?”

“मग? इकत घेतल्यात.”

हेडकॉन्स्टेबल हसला. “अक्का, साहेब घाटावरचे, इथली रीत त्यांना ठाऊक नाही. त्यांना नीट सांग, नाहीतर पोरं विकल्याचा गुन्हा लावतील.”

ती पाखडतच राहिली. मी कार्डांवरची नावं मोठ्याने वाचायला घेतली. तिसऱ्या नावाला तिने झटकन त्या मुलाचे कान दोन्ही हातांनी झाकले.

“हेसर ब्याड री!” ती कन्नडमध्ये ओरडली. नाव नको.

मी कार्डं मिटली. मग तिने सांगितलं. फेफरं येणाऱ्या मुलाला सुपात घालून आईबाप तिच्या उंबऱ्यावर ठेवत. तिची सगळी मुलं जगलेली, म्हणून तिचाच उंबरा. ती मूठभर कोंडा देऊन मूल विकत घेई, नवं नाव ठेवी आणि सांभाळायला आईकडे परत देई. जुनं नाव पुन्हा उच्चारायचं नाही. त्या नावानं दुखणं शोधत येतं. बाप खोटं बोलत नव्हते. त्या नावाचं पोर त्यांना खरंच उरलं नव्हतं. कार्डं मात्र त्याआधीची, जुन्या नावांची होती.

साक्षीदाराला आपण आपल्या शब्दांत प्रश्न विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास तो लपवतोय असं धरतो. मीही आधी तेच धरलं होतं.

“नाव नको. पोरांच्या पाठी दाखव,” मी म्हणालो.

पाच मुलं आली. पाचही पाठी रेखाचित्रांशी जुळल्या.

“सहावं?”

तिने सूप खाली ठेवलं. “गेल्या आषाढात गेलं.”

“मग औषध कशाला आणतेस?”

“कार्ड दाखवलं न्हाई तर ते गेलं म्हणून लिवतील की.”

आतून तिने डबा आणला. त्या मुलाच्या गोळ्या त्यात तशाच होत्या.

गुन्हा घडला नसल्याचा अहवाल मी डॉक्टरांना दाखवला. तरुण डॉक्टरही हजर होता. त्याने तक्रार मागे घेतली. पण सहावं मूल आषाढात गेलं होतं आणि निबंध दिवाळीनंतर छापला होता. सहाही मुलांची फेफरी आटोक्यात आहेत, असं त्यात होतं.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं,” मी म्हणालो. “हे कुणी विचारणारही नाही.”

“कुणीतरी माझा दाखला देऊन हेच औषध देतोय, साहेब,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला आणि लिहायला लागले.

काही महिन्यांनी त्या नियतकालिकात चार ओळींची दुरुस्ती छापून आली. सहापैकी पाच, असं तिच्यात होतं.