बंद असलेला हीटर

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. गोविंदरावांना तर नाहीच — आणि सांगायला हवे होते ते त्यांनाच.

गोष्ट एका व्हॉल्व्हची आहे. तळहातावर मावेल एवढासा तो. हसू आले तर हसा. मलाही तेव्हा तो फार किरकोळ वाटला होता.

मी मूळचा चिंचवडचा. अर्धे आयुष्य चेन्नईत गेले, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या एसी-हीटरचे भाग बनवण्यात. गोविंदराव तंजावरी मराठी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि आरती संपायच्या आत आम्ही इंजिनांवर आलो होतो. पुढे दोघांनी मिळून दोन सीटचे विमान बांधले. सुटे भाग परदेशातून आणायचे आणि शहराबाहेरच्या भाड्याच्या शेडमध्ये दर रविवारी जोडायचे, असा कित्येक वर्षांचा उद्योग. उडवायला त्यांनीच मला शिकवले. त्यांच्या घरचे म्हणत, माणसाला दुसरे काही सुचतच नाही. खरेच होते ते.

हीटरचा प्रश्न निघाला तेव्हा ते त्यांच्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाले, “मद्रासात हीटर कशाला पा? हीटरच्या भोकावर पत्रा मार, सोडून दे.” मला मात्र कधीतरी डिसेंबरात उत्तरेकडे जायचे होते. मग ते म्हणाले, तसे असेल तर सुटे भाग देणाऱ्या कंपनीचाच स्टीलचा व्हॉल्व्ह मागव. तो जड होता, यायला वेळ लागणार होता. आणि — हे आता लिहितानाही अवघड जाते — मला तो माझ्या हातचा हवा होता. आयुष्यभर हीटरचे फ्लॅप, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपा, करणाऱ्याला विमानाचा व्हॉल्व्ह बाहेरून कशाला आणावा लागतो? मी तो कारखान्याच्या टूलरूममध्ये करून घेतला. ॲल्युमिनियमचा, हलका, कडेला रबरी सील. देखणा झाला होता.

गाडीत हीटरचा फ्लॅप थोडा गळला तरी बिघडत नाही. तिथली हवा इंजिनच्या गरम पाण्यावर तापते. फार तर पायाला थोडी ऊब लागते. आमच्या विमानात मात्र ती सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या खोळीत तापते आणि इंजिनामागच्या भिंतीतून आत येते. व्हॉल्व्ह बंद असला की ती बाहेर सोडली जाते. म्हणजे बंद म्हणजे पूर्ण बंदच हवा. सायलेन्सरला चीर गेली, तर त्याच वाटेने इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. हे मला माहीत नव्हते का? माहीत होते. पण हात सवयीचे काम करत होते.

एकदा उतरल्यावर गोविंदराव म्हणाले, “सुधीरा, पाय ऊन लागतात रे.”

मी म्हणालो, “राव, चेन्नईत कोणाचे पाय गार असतात?”

ते हसले. पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा तेच उत्तर दिले. पुण्याच्या थंडीत ही तक्रार मी लगेच तपासली असती. इथे बारा महिने सगळेच ऊन. कोण बघणार?

मग तो रविवार. ते एकटेच वर गेले होते, मी धावपट्टीच्या कडेला उभा. परत येताना विमान नीट सरळ येईना. जमिनीला जोरात आपटले, उसळले, पट्टी सोडून गवतात गेले आणि एक चाक मोडून थांबले. मी धावत जाऊन त्यांना बाहेर ओढले. चेहरा लाल, बोलणे जड. डोके फुटतेय म्हणाले, आणि तिथेच ओकले.

त्यांना मधुमेह होता. भोवती चार माणसे जमली होती, काय झाले विचारत होती. पहिले वाक्य माझे होते — “शुगर डाऊन झाली असणार.” कोणीतरी लगेच साखरेचे पाणी पाजले, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही तेच पटले.

त्या क्षणी मला खरेच तसे वाटले होते का? मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. थोडे वाटले असेल. पण दुसऱ्या दिवशी मी एकटा शेडमध्ये गेलो, इंजिनवरचे झाकण काढले. सायलेन्सरच्या जोडाजवळ केसाएवढी चीर होती. माझ्या व्हॉल्व्हचे सील उष्णतेने भाजून एका कोपऱ्यात वर वळले होते, आणि आतल्या बाजूला, पाय ठेवतो तिथे, काजळीची रेघ होती. त्यानंतर तरी शुगरच असेल असे वाटण्यासारखे काही उरले नव्हते.

व्हॉल्व्ह मी कारखान्याच्या भंगारात टाकला. सायलेन्सर बदलला; तडा त्या आपटण्याने गेला असे सांगितले. स्टीलचा व्हॉल्व्ह मागवला. चौकशीला आलेल्या माणसापुढेही मी शुगरच पुढे केली, आणि शेजारी बसून गोविंदरावांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवून.

त्यांनी उडणे सोडले. मग स्कूटरही सोडली. आता खिशात बिस्किटांचा पुडा घेऊन हिंडतात, आणि जिन्यावर मुलगा हात धरतो तेव्हा धरू देतात. ज्या माणसाने मला ढगांशेजारून वळण घ्यायला शिकवले, तो रस्ता ओलांडताना स्वतःवर भरवसा ठेवत नाही. तो भरवसा मी काढून घेतला. विमान आता मी उडवतो, डावीकडच्या, पूर्वी त्यांच्या असलेल्या सीटवर बसून. उत्तरेकडे अजून गेलेलो नाही. रविवारी ते शेडमध्ये येतात, काच पुसतात, कोणी नवे आले की सांगतात, “माझी शुगर उतरली पा त्या दिवशी. ह्याने ओळखले म्हणून वाचलो.”

मी तिथेच उभा असतो. एकदाही मध्ये बोललेलो नाही.

आणि आज हे लिहायला बसलो, तेही मराठीत. गोविंदराव घरी मराठी बोलतात, पण शिकले तमिळ आणि इंग्रजीत. ही अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. लिहायला घेताना मला ते माहीत होते.