बुधवार कुणाचा?

उज्वलाताईंच्या दवाखान्यात वजनकाटा नाही. कर्जतच्या भिसेगावात दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बसायला हात नसलेलं रुंद बाकडं. खुर्चीच्या हातांत अडकून लाजलेलं माणूस खरं बोलत नाही, म्हणून ते त्यांनी मुद्दाम सुताराकडून करून घेतलंय. ताई स्वतःही अंगानं चांगल्या भरलेल्या. वडील मोहोपाड्याच्या कारखान्यात कामाला होते. मुलगी मानसशास्त्र शिकली आणि परत येऊन कर्जतलाच बसली. तिच्याकडे वेडी माणसं जातात, एवढीच माझी अक्कल. आणि खाण्याचा आजार? तो पेपरात फोटो येतात त्या वाळक्या पोरींचा!

माझी धाकटी जाऊ शकू म्हणजे आमच्या घरचा टेंपो. हे नाव तिच्या नवऱ्यानं, हर्षदनं ठेवलेलं. तो हाक मारायचा, घर हसायचं, आणि सगळ्यांच्या आधी शकूच हसायची.

ती पळसदरीला आमच्या अंगणात कोसळली. पहिल्या डॉक्टरनं तिच्या अंगाकडे बघितलं आणि फर्मावलं, खाणं कमी करा. नाडी तरी धड बघितली की नाही, देव जाणे! दुसऱ्यानं रक्त तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं. "या बाई जेवतच नाहीत. असंच चाललं तर हृदय कधीही बंद पडेल."

मी हसलेच. एवढं अंग, आणि जेवत नाही? पण डॉक्टर हसले नाहीत. तिला सलाईन लागली, दवाखान्यात ठेवली, आणि घरी सोडताना त्यांनी उज्वलाताईंचा पत्ता दिला. ताईंनी निरोप धाडला, एकटीला आणू नका, सगळे या. मग मी, हर्षद, सासूबाई अंबूबाई, शकू आणि तिची दहा वर्षांची भाग्यश्री अशी वरात निघाली.

सासूबाईंनी आधी आडनाव विचारलं. ताईंनी सांगितलं. सासूबाई बाकड्याच्या कडेला सरकल्या आणि समोर आलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. ताईंनी ते बघितलं आणि त्या शकूकडे वळल्या.

"काल काय जेवलीस?"

"कडक उपास व्हता, रातीबी."

आता ही उपासावर भाषण देणार, असं मला वाटलं. सासूबाईंनी तर भांडायला पदर खोचला होता. ताईंनी एवढंच विचारलं, "कुणासाठी गं?"

"माज्यासाठी," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "माज्या गुडघ्यांसाठी मंगळवार-शुक्रवार धरती. गुणाची हाय माजी सून."

"पण सोमवार तर माझ्यासाठी धरते," हर्षद म्हणाला.

आणि गुरुवार माझा होता. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिनं तो धरला होता आणि मी गावभर तिचं कौतुक करत फिरले होते. शनिवार आमच्या ह्यांचा, साडेसातीसाठी. घर एक, चुली दोन. बाप्ये आधी जेवणार, ती शेवटी. प्रत्येकाला आपला वार ठाऊक होता, आठवडा कुणी जुळवलाच नव्हता.

"रविवारी जेवते की!" हर्षद घाईनं म्हणाला. "मटन असतं."

"जेवते," शकू खाली बघत म्हणाली. "मंग मागं जाऊन ओकून टाकते."

"का गं?"

"तुमी टेंपो म्हनता ना."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त धक्का बसला.

"बुधवार राहिला," ताई म्हणाल्या. "बुधवार कुणाचा?"

बाकड्यावर पाय हलवत बसलेली भाग्यश्री म्हणाली, "माजा."

"तुझ्यासाठी धरते होय आई?" हर्षदनं विचारलं.

"नाय. मीच धरते. आईसारका. शाळंतला डबा मी कुत्र्याला घालते. मला टेंपो नाय व्हायचं."

इतका वेळ मान खाली घातलेल्या शकूनं किंकाळी फोडली, "कवापासनं गं?" आणि पोरीला ओढून छातीशी धरलं. उज्वलाताईंचाही चेहरा उतरला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "शकू, धरलेल्या उपासाचं उद्यापन करतात ना?"

"करतात."

"काय लागतं त्याला?"

"जेवन. सवाष्ण."

ताईंनी स्वतःचा डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. "आज बुधवारच आहे. सवाष्ण तूच समोर बसलीयस. एका घासानं आजार जाणार नाही, त्याला पुष्कळ दिवस लागतील. पण ज्यांचे वार आहेत त्यांनी ते आज सोडून द्यावेत."

माझी नजर सासूबाईंकडे गेली. ज्या घरचं पाणी चाललं नव्हतं, त्या घरचा हा डबा. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, डब्याजवळ आल्या आणि त्यांनी भाकरी मोडली. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"माजे दोन वार सोडले गं बये. खा."

हर्षदनं सोमवार सोडला. मी गुरुवार सोडला, आमच्या ह्यांचा शनिवारही मीच सोडला. शकूनं घास हातात घेतला. भाग्यश्री आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शकूनं घास तोंडात घातला, कितीतरी वेळ चावला आणि गिळला.

"आये," भाग्यश्रीनं विचारलं, "ह्यो पोटात ठेवशील ना?"

शकूनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि पोरीच्या तोंडापुढं धरला.

"तू ठेवलास तर मी ठेवीन."

भाग्यश्रीनं आ केला.