उजव्या खांद्याचं पातं

माझ्या मुलीच्या पाठीत काहीतरी बिघडतंय, हे सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. कळलं ते टेलरबाईंना.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं, त्याच्यामागे आमचंही ऑफिस गेलं. सकाळी साडेआठला शंकर नगरच्या चौकात स्टाफ बस पकडायची आणि घरी परतायला संध्याकाळचे सात. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्यूटीच्या वेळा बदलत्या. मुलगी तेरा वर्षांची. वेणी स्वतःची स्वतः घालायची, न्हाणीतून पूर्ण कपडे करूनच बाहेर यायची. तिची पाठ मी शेवटची कधी पाहिली होती, ते मला नंतर कितीही आठवूनही सांगता आलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. पंडरीच्या कापडबाजारातून कापड आणलं आणि माप द्यायला मुलीला घेऊन गेले. टेलरबाईंनी पाठीवर टेप लावला, काढला, पुन्हा लावला. मग वहीचं जुनं पान उघडून बघत बसल्या.

"दीदी, बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. "पिछले साल दोनों तरफ का नाप एक था. इस बार दाहिनी तरफ पौन इंच ज़्यादा लग रहा है." आणि मुलीला म्हणाल्या, "बेटा, ज़रा झुको तो. जैसे नीचे से कुछ उठाना है."

ती वाकली. डावी बाजू सपाट राहिली आणि उजव्या बाजूला खांद्याचं पातं कुर्त्याखालून वर आलं, चादरीखाली कोणी हात ठेवावा तसं. मी ते बघत उभी राहिले. मुलगी वाकलेल्या अवस्थेतच विचारत होती, "हो गया?"

घरी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बॅगमुळं झालं असन. किती वजन असते त्या बॅगमध्ये."

"बॅग नाही," मी म्हणाले. "वाकून बसते ती. वर्षभर मी तिले रोज म्हणून राहिली, सरळ बस, सरळ बस. ऐकलं कधी?"

मुलगी समोरच होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

हाडांच्या डॉक्टरांनी उभं करून पूर्ण पाठीचा एक्सरे काढायला लावला. नर्स मुलीची उंची मोजायला तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेली, तेवढ्यात त्यांनी आम्हाला तो काचेवर लावून दाखवला. पाठीचा कणा सरळ नव्हता. मधोमध उजवीकडे झुकून पुन्हा खाली मधे आला होता. आणि नुसता झुकलेला नव्हता, पिळलेलाही होता.

मी पात्याचं विचारलं. ते म्हणाले, पात्याला काही झालेलं नाही. ते बरगड्यांना हाडानं जोडलेलंच नसतं, स्नायूंच्या भरवशावर त्यांच्यावर सरकत असतं. कणा पिळला, त्याच्यासोबत उजव्या बरगड्या मागे आल्या आणि त्यांनी वरचं पातं उचललं. तुम्हाला दिसतं ते पातं, आजार मात्र त्याच्या खाली आहे.

"वाकून बसल्यानं झालं का?"

"नाही. बॅगनंही नाही. या वयातल्या मुलींमध्ये दिसतं, कारण बहुतेक वेळा सापडत नाही."

बाक बावीस अंशांचा होता. तिची उंची अजून वाढायची होती आणि उंची वाढताना बाकही वाढू शकतो, म्हणून चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं. फार वाढला तर ऑपरेशन, मणक्यांना सळया लावून. हे बोलणं संपतासंपता मुलगी परत आली. डॉक्टर तिच्याशी हसून बोलले. आम्ही निघालो.

त्या चार महिन्यांत मी बसमधून उतरले की घरापर्यंत जवळजवळ धावतच जायचे. चप्पल काढायच्या आधी तिला म्हणायचे, वाकून दाखव. कधी वाटायचं, वाढलं. कधी वाटायचं, कमी झालं. एक दिवस ती वाकलीच नाही. म्हणाली, "मम्मी, आप घर आकर मुझे देखती हो या मेरी पीठ को?"

दुसऱ्या एक्सरेत एकतीस निघाले.

मग ब्रेस आला. काखेपासून कमरेपर्यंत कडक प्लास्टिकचा, मागे तीन पट्टे, आत उजव्या बरगड्यांना दाबणारी गादी. दिवसातले अठरा तास घालायचा. आत सुती बनियन. मे महिन्यात रायपुरात नुसता कुर्ता सहन होत नाही आणि ही पोट्टी त्या साच्यात बसून कूलरकडे पाठ करायची. संध्याकाळी आल्यावर सैल राहिलेले पट्टे मी ओढायचे. "और टाइट मत करो," ती म्हणायची. मी डॉक्टरांनी केलेल्या खुणेपर्यंत ओढायचेच.

जुलैत एक दिवस ऑफिसची वीज गेली, दुपारी सगळ्यांना सुट्टी दिली. दीड वाजता मी घरी. मुलीच्या खोलीत चादर बदलायला कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यात ब्रेस दिसला.

मी तो काढून पलंगावर ठेवला. तो तसाच उभा राहिला, तिच्याच आकाराचा, आत कोणी नाही. शाळा अडीचला सुटायची. एक तास मी त्याच्यासमोर बसून हिशेब करत होते, किती दिवसांपासून, किती तास, किती अंश.

ती आली, दप्तर खांद्यावरच होतं. आधी मला पाहिलं, मग ब्रेसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"स्कूल खुला तब से. आपकी बस जाती है, तब निकाल देती हूँ. सात बजे से पहले पहन लेती हूँ."

"काहून? तुले ऑपरेशन पाहिजे का?" माझा आवाज चढला होता.

ती दारातच उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वर्गातल्या मुली मागून येऊन त्यावर टकटक करायच्या, म्हणाली. मग म्हणाली, "और वैसे भी मेरी ही गलती है ना. आप साल भर बोलती रहीं, सीधी बैठो. मैं नहीं बैठी. अब ये सज़ा मिली है."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अगं, वाकून बसल्यानं हे होतच नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. तुझी काही चूक नाही त्यात."

"आपको बताया. मुझे कब बताया?"

डॉक्टर बोलले तेव्हा ती उंची मोजून घेत होती, आणि पुढचे आठ महिने मी तिला अंश सांगितले, तास सांगितले. वर्षभर तिला विनाकारण रागावले होते, हे कबूल करायचं मी टाळत होते, म्हणून तेवढंच राहून गेलं होतं. हे सगळं मी तिला त्याच दिवशी सांगितलं, चांगल्या शब्दांत नाही, अडखळत. ती पाणी प्यायली, युनिफॉर्म बदलून आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी पट्टे लावले. कुठपर्यंत ओढू, हे पहिल्यांदा तिला विचारून.

डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. शाळेत नाही घातला तरी चालेल, म्हणाले, पण शाळेतून आल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक मिनिट कमी नको. ती "हव" म्हणाली.

नोव्हेंबरातल्या एक्सरेला नवरा ड्यूटी बदलून आला. दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही तिघं ओळीनं बसलो होतो. मुलगी मधे, ब्रेसमुळे आमच्यापेक्षा ताठ. आत बोलावल्यावर डॉक्टरांनी पट्टी ठेवून रेषा मारल्या, एक खोडली, पुन्हा मारली. नवऱ्यानं माझं मनगट धरलं होतं, ते मला दुखायला लागल्यावर कळलं.

"तेहतीस," ते म्हणाले. "एक-दोन अंश मोजण्यात इकडेतिकडे होतात. थांबलंय असं समजू."

आणखी दोन वर्षं ब्रेस चालला. उंची थांबली तेव्हा आकडा पस्तीस होता. ऑपरेशन लागलं नाही. पाठ सरळही झाली नाही. उजवं पातं आजही डाव्यापेक्षा वर आहे आणि ओढणी त्या बाजूनं जरा उचललेली राहते.

आता ती दुसऱ्या शहरात शिकते. वर्षातून एकदा एकटीच जाऊन एक्सरे काढते आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवते. मी बसमध्ये असले तरी तिथेच उघडते. आधी आकडा बघते, बाकीचं नंतर वाचते.